बँकेची एफडी की पोस्टाची टीडी?

शेजारच्या काकांना निवृत्तीचे पैसे मिळाले. त्यातले पाच लाख पाच वर्षांसाठी अडकवायचे होते. बँकेच्या एफडीला (मुदत ठेवीला) 7 टक्के मिळत होते, पोस्टाच्या टीडीला (टाइम डिपॉझिट, म्हणजे तिथली मुदत ठेव) साडेसात. "अर्धा टक्का जास्त, मग पोस्टच ना?" काका म्हणाले. आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

बँकेत व्याज न उचलता ठेवलं तर दर तिमाहीला ते मुद्दलात मिळतं आणि त्यावर पुढचं व्याज चढतं. पाच वर्षांनी हातात सुमारे 7,07,400 रुपये. पोस्टाचं व्याज मोजतात तिमाहीने, पण देतात वर्षातून एकदा: पाच लाखांवर साधारण 38,570. ते मुद्दलात जात नाही आणि उचललं नाही तर त्यावर छदामही मिळत नाही. पाच वर्षांचे झाले 1,92,840, म्हणजे बँकेच्या 2,07,400 पेक्षा कमीच! ते व्याज दरवर्षी 4 टक्क्यांच्या बचत खात्यात वळवलं तर कुठे दोघं बरोबरीला येतात. त्यातून ज्येष्ठांना बँका बहुधा अर्धा टक्का वर देतात. पोस्टाच्या टीडीत ते लाड नाहीत.

दर महिन्याला घरखर्चाला व्याज हवं असेल तरीही बँकच. टीडीत ती सोयच नाही.

आता मोडायची वेळ आली तर? बँकेत पाच वर्षांची एफडी सव्वा वर्षात मोडली, तर पाच वर्षांचा दर विसरा. पैसे ठेवले त्या दिवशी सव्वा वर्षाला जो दर होता तो लागतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा-एक टक्का दंड कापतात. पोस्टात 10 नोव्हेंबर 2023 पासून उघडलेल्या पाच वर्षांच्या टीडीला पहिली चार वर्षं हातच लावता येत नाही. त्यानंतर मोडली तर पोस्टाच्या बचत खात्याचा दर. म्हणून कुठेही ठेवा, पाच लाखांची एक पावती करू नका. लाखाच्या पाच करा, लागेल तेवढीच मोडा.

सुरक्षिततेत मात्र पोस्ट उजवं, तिथे सगळ्या रकमेमागे सरकार उभं आहे. बँकेत ठेव विमा एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंतच, तोही मुद्दल आणि व्याज धरून. 2019 मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले तेव्हा ही मर्यादा लाखाचीच होती. 2020 मध्ये वाढली. सहकारी बँकांना हा विमा लागू आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्थेचा चढा दर बघून भुलणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आणि टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापला नाही म्हणजे कर माफ झाला, असं नाही. व्याज दोन्हीकडे करपात्रच.

काकांनी शेवटी तीन लाख बँकेत, तीन पावत्यांत ठेवले आणि दोन लाख पोस्टात. बँकेच्या अर्जावर 'मुदत संपल्यावर काय करायचं' हा रकाना त्यांनी कोराच सोडला होता. तो भरून घेतला, नाहीतर बऱ्याच बँका त्या दिवशीच्या दराने, तेवढ्याच मुदतीसाठी ठेव पुन्हा गुंतवून मोकळ्या होतात.