उत्खननासाठी थापी हवी असेल तर पाणीगेटच्या लोहाराकडे जा

बाजारात थापी मागितली की गवंड्याची मिळते. पातळ पात्याची, मानेपाशी सांधलेली. विटेवर माल पसरायला ती चांगलीच आहे. पण उन्हानं कडक झालेली काळी माती तिनं तासभर खरवडली की सांधा हलायला लागतो, आणि सांधा हलला की हाताला मातीतला फरक कळत नाही. मी उत्खननात खड्ड्यांचे आणि छेदांचे, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या बाजूंत दिसणाऱ्या थरांचे, आराखडे काढते. रेषा कुठे ओढायची ते आधी थापी सांगते, मग पेन्सिल.

म्हणून बडोद्यात राहणाऱ्या, हे काम शिकणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिते आहे. पाणीगेटकडे जाताना आतल्या गल्लीत एक वयस्कर लोहार बसतात. दुकानाला पाटी नाही, भात्याच्या आवाजावर जायचं. थापी म्हणू नका, ‘लेलुं’ म्हणा. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून ते पातं आणि मान एकाच तुकड्यात ठोकून काढतात. इंग्लंडात उत्खननाला डब्ल्यूएचएस या छापाची चार इंची थापी वापरतात, तीही अशीच एकसंध असते. मी कागदावर माप काढून नेलं होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “बेन, आनाथी शुं करवानुं छे?” माती कापायची नाही, नुसती सोलायची आहे, असं सांगितल्यावर त्यांनी दोन्ही कडांना धार लावली आणि टोक जरा बोथट ठेवलं. टोकानं खापर फुटू नये ही काळजी त्यांना न सांगता कळली, याचं मला फार कौतुक वाटलं.

गेल्या हिवाळ्यात तिची खरी परीक्षा झाली. गावाबाहेर पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड, आणि त्याला लागून काळी, म्हणजे कसलेली शेतजमीन. टेकाडापासून शेताकडे एका ओळीत चाचणी खड्डे घेतले होते. वस्ती कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होतं, एवढंच आधी पाहायचं होतं. पांढरीत राख, शेण, पडक्या भिंतींची माती, सगळं भुसभुशीत. थापी लोण्यातून जावी तशी जाते. काळीत नांगराचा वरचा थर संपला की पातं अडतं, आवाजही बदलतो. शेतातल्या खड्ड्यांत लहान, कडा झिजलेली खापरं विखुरलेली मिळाली. अशी खापरं मिळाली म्हणून तिथे घर होतंच असं नाही. उकिरड्यातलं खत शेतात टाकलं की घरातली फुटकी भांडीही त्याबरोबर जातात, आणि मग नांगर त्यांना वर्षानुवर्षं फिरवत राहतो. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. वरचं खापर भेगेतून खाली उतरतं आणि जुन्या थरात जाऊन बसतं. भेगेत भरलेली माती वेगळी ओळखून आधी काढली नाही तर थराचा काळच चुकतो. या कामाला धारदार, न हलणारं पातं लागतं आणि इथे या थापीला तोड नाही.

जुन्या घरांच्या खांबांचे खळगेही असेच सापडतात. सकाळच्या ओलाव्यात जमीन हलक्या हातानं सोलत गेलं की मातीत गडद वर्तुळ दिसतं. सुकलं की ते हरवतं, म्हणून लगेच टोकानं त्याची कड आखून घ्यायची. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी असलेल्या नावडातोलीच्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या, शेतकऱ्यांची गोल आणि चौकोनी घरं अशाच खुणांवरून उभी करता आली. १९५२-५३ साली महेश्वर आणि नावडातोलीला पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि आपलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केलं होतं. तिथे गहू, मसूर, वाटाणा यांचे जळून कोळसा झालेले दाणेही मिळाले. असे दाणे टिपायला थापी नको. माती तशीच पिशवीत भरा आणि पाण्यात घोळवून वर तरंगलेलं गाळून घ्या.

उणीव एकच, दांड्याची. त्यांच्याकडे तयार असलेला दांडा हलक्या लाकडाचा आहे आणि थोड्याच दिवसांत ढिला होतो. बाभळीचा मागितला तर देतात, पण थांबावं लागतं. पातं गंजतं, तेव्हा संध्याकाळी पुसून अळशीच्या तेलाचा हात फिरवायचा. साडेतीनशे रुपये घेतले, घासाघीस करू नये असं माझं मत आहे. पाचांपैकी साडेचार तारे.

आणि कळकळीनं सांगते, हत्यार मिळालं म्हणून स्वतःच्या शेतातल्या टेकाडावरसुद्धा खणायला जाऊ नका. १९५८ च्या कायद्यानुसार पुरातत्त्वीय उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. एकदा उकरलेला थर पुन्हा कुणालाच वाचता येत नाही. नांगराबरोबर खापरं वर आली तर जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात दाखवा.