डिगॉक्सिनची गोळी की दारातली बिट्टी?

आईला डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध सुरू झालं तेव्हा कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "गोळ्या कशाला? बिट्टीचं बी पण हृदयावर चालतंय की!"

चालतंय, हे खरं. दोन्हींतली ग्लायकोसाइड्स नावाची रसायनं हृदयपेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. आत कॅल्शियम वाढतं, ठोका जोरकस होतो. पण डिजिटॅलिस या वनस्पतीच्या पानांतून काढलेलं औषध गोळीत मोजून असतं, ०.२५ मिलिग्रॅम. तरीही मळमळ, पिवळसर दिसणं, मंद नाडी जाणवली की डॉक्टर लगेच रक्त तपासतात, मूत्रपिंडंही बघतात.

बिट्टीच्या त्या हिरव्या, कोनदार फळातल्या बीत विष किती, कोण मोजणार? एखाद-दुसरं बीही पोराच्या जिवावर बेतू शकतं. चघळलंच, तर घरी उलटी करवत बसू नका. थेट सीपीआर, म्हणजे आपलं कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा.