काळ्या गाडीवरची जाळी आणि डीए पॉलिशर: आठ महिन्यांनंतर

माझी गाडी काळी आहे आणि सहा वर्षं जुनी. सावलीत ती छान दिसायची. पण रात्री पेट्रोल पंपावरच्या पांढऱ्या दिव्याखाली उभी केली, की बोनेटभर कोळ्याचं जाळं पसरलेलं दिसायचं. आपण सरकलो की जाळंही सरकायचं. हे ओरखडे खरं तर गोल नसतात, वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं दिसतात.

आधी एका दुकानातून रबिंग-पॉलिश करून घेतलं होतं. घरी आणली तेव्हा गाडी आरशासारखी होती. तीन वेळा धुतल्यावर जाळी जशीच्या तशी वर आली. ओरखडे गेलेच नव्हते, तेलकट पॉलिश त्यांच्यात भरून बसलं होतं. पैसे गेल्यापेक्षा फसगतीचं वाईट वाटलं आणि गेल्या डिसेंबरात मी स्वतःचं डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे दुहेरी हालचालीचं) पॉलिशर घेतलं. पाच इंची प्लेट, १५ मिमी थ्रो, म्हणजे पॅडच्या हेलकाव्याचं माप.

यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी हेलकावेही घेतं. जास्त दाबलं तर फिरणं थांबतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. नवख्या माणसाने रोटरी मशीन, म्हणजे नुसतं गोल फिरणारं, घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. दरवाज्याच्या कडेवर ते क्षणात रंग खाऊन जाऊ शकतं.

सुरुवात बोनेटवर केली. गाडी धुतली, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवला आणि मधोमध मास्किंग टेप लावून एकाच बाजूला काम केलं. आधी सगळ्यात सौम्य जोडी: मऊ फोमचं पॅड आणि मेग्वायर्सचं एम२०५ हे बारीक पॉलिश. फरक जेमतेम पडला. मग जास्त खरवडणाऱ्या कटिंग पॅडवर कंपाउंड, म्हणजे जाडसर पॉलिश, घेतलं आणि शेवटी पुन्हा एम२०५. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा, चार-पाच थेंब, आधी उभे आणि मग आडवे हात, प्रत्येक हात आधीच्यावर निम्मा चढवून. हात सावकाश चालवायचा, घाई केली की नुसतं पुसल्यासारखं होतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्याने पुसून घेतलं, म्हणजे पॉलिशचं तेल निघून खरं काय उरलंय ते दिसतं. टेप काढून टॉर्च धरला. डावीकडे जाळं, उजवीकडे काळ्या पाण्याचा डोह. बायकोला खाली बोलावून दाखवलं, इतका आनंद झाला होता.

पूर्ण गाडीला दोन रविवार गेले. बोटांना झिणझिण्या येतात, पाठ धरते. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना टेप लावायला मी विसरलो, तर कंपाउंड सुकून पांढरे डाग पडले. ते जुन्या टूथब्रशने काढताना जीव मेटाकुटीला आला. एका पॅडचा वेल्क्रो गरम होऊन सुटला. तीन पॅड आलटून-पालटून वापरले असते तर वाचला असता.

पण या आठ महिन्यांत मला खरं काय कळलं असेल, तर ते धुण्याबद्दल. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. प्रत्येक पॉलिश त्यातलंच थोडं खरवडून नेतं आणि ते परत येत नाही. त्यामुळे जाळी पुन्हा पडूच न देणं महत्त्वाचं.

ती पडत होती रोज सकाळी. सोसायटीत गाड्या पुसणारे काका एका बादलीत वीस गाड्या पुसतात. फडकं तेच आणि धूळ पुण्याची. त्यांना सांगितलं, ‘काका, पैसे तेवढेच घ्या, पण माझ्या फक्त काचा आणि टायर पुसत जा.’ ते म्हणाले, ‘साहेब, गाडीवर धूळ दिसली तर लोक मला बोलतील.’ त्यांचंही बरोबर होतं. मीच इतर दोघा-तिघांना सांगून ठेवलं, तेव्हा ते तयार झाले.

आता आठवड्यातून एकदा मीच धुतो. आधी प्रेशरने नुसतं पाणी मारून धूळ उतरवायची. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी आणि तळाला वाळू अडवणारी प्लास्टिकची जाळी. टप आधी, दरवाज्यांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा साध्या पाण्याची बादली ओतली तेव्हा तळाशी चमचाभर बारीक वाळू होती. बोटांत चोळून पाहिली, करकरली. ती वाळू मी सहा वर्षं रंगावर घासू दिली होती. बोअरचं पाणी असेल तर पॅनल सुकायच्या आत जाड मायक्रोफायबरने टिपून घ्या, नाहीतर क्षारांचे डाग बसतात. ही फडकी फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये मात्र घालू नका, पाणी टिपेनाशी होतात.

आता ऑगस्ट आहे. बोनेट, टप आणि दरवाजे टॉर्चखाली जवळजवळ स्वच्छ आहेत. डिकीच्या हँडलभोवती पुसट जाळी आली आहे, सगळे हात तिथेच लागतात. तेवढाच भाग मऊ पॅडने दिवाळीआधी करीन. डाव्या दरवाज्यावर एक ओरखडा आहे, नख अडकतं इतका खोल. कंपाउंडने त्याच्या कडा बोथट झाल्या, लांबून दिसत नाही. तो पूर्ण काढायचा तर भोवतालचा क्लिअर कोट संपेल, म्हणून तो तसाच ठेवला आहे.