कॅराव्हॅन पार्कच्या नावाखाली १५,३९९ रुपयांची टोपी

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. यूपीआयचा पिन पैसे पाठवायलाच लागतो, घ्यायला नाही, हे मी स्वतः सासऱ्यांना दहादा समजावलंय. तरी मे महिन्यात गुहागरजवळच्या, म्हणजे फक्त फोटोत असलेल्या, एका 'कॅराव्हॅन पार्क'ने मला १५,३९९ रुपयांना गंडवलं.

गाडी भाड्याची, आत झोपायची आणि टॉयलेटची सोय असलेली कॅराव्हॅन. आम्ही पाच जण, त्यात दोन पोरं. अशा गाडीने फिरलेल्यांना ठाऊक आहे, दिवसा कुठेही थांबता येतं, प्रश्न रात्रीचा असतो. एसी नुसत्या बॅटरीवर रात्रभर चालत नाही, बाहेरून वीज लागते. टाकीत पाणी भरायला हवं, सांडपाणी सोडायला जागा हवी, टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला साठणारी टाकी, रिकामी करायला तर हवीच हवी. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ सालीच आलंय, पण कोकणात अशी जागा शोधून बघा एकदा. त्यामुळे 'वीज, पाणी, डम्पिंग, सीसीटीव्ही, समुद्र दोन मिनिटांवर' ही जाहिरात दिसल्यावर मी हुरळलो.

रात्रीचे १,८००, तीन रात्रींचे ५,४००. "आज पूर्ण भरलेत तर विजेचे वेगळे नाहीत, दादा." भरले. दुसऱ्या दिवशी डिपॉझिट ५,०००, निघताना परत म्हणे. तेही भरले. डिपॉझिट लग्नाचा हॉलवालाही मागतोच की.

आता जे आठवून अजून अंगाचा तिळपापड होतो ते. फोटोत चार गाड्या उभ्या होत्या आणि चारहींचं दार उजव्या बाजूला होतं. आपल्याकडे दार डावीकडे, फुटपाथच्या बाजूला असतं. उजवीकडे दार म्हणजे उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशातला फोटो. मला ते दिसलं होतं! बायकोला म्हणालोसुद्धा, "दारं उलटी आहेत बघ." ती म्हणाली, सेल्फीसारखा उलटा झाला असेल फोटो. आम्ही हसलो, आणि मी पिन टाकला.

चिपळूण सोडलं तेव्हाच अंधार पडला होता. लोकेशनवर पोचलो साडेनऊला. समोर चिऱ्याचा गडगा, आत कलमांची बाग आणि भुंकणारं कुत्रं. फोन लावला तर म्हणे, "मागच्या गेटला आलात. गेट पास निघाला नाही तुमचा. ४,९९९ टाका, वॉचमन दहा मिनिटांत येतो, सगळं रिफंडेबल." आणि मी ते टाकले. तिथे, बागेसमोर उभं राहून. हसा खुशाल, पण मागे पोर रडतंय, कॅसेट काठोकाठ भरलीय, सासरे खाली उतरायला बघताहेत, अशा वेळी डोकं चालवून दाखवा. त्यानंतर फोन बंद.

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी सकाळपर्यंत थांबलो, ती दुसरी चूक.

तिथल्या पोलीस ठाण्यात म्हणाले, राहता तिथे तक्रार द्या. घरी आलो तर म्हणे गुन्हा तिकडे घडला, हद्द आमची नाही. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू आहे, त्याच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती घ्यावीच लागते. हे मी म्हटल्यावर हवालदारसाहेब म्हणाले, "वकील आहात का?" बँकेत एकच प्रश्न, "पिन तुम्हीच टाकलात ना?" पर्यटनाच्या कार्यालयात तर कहर. म्हणे पार्कची नोंदणीच नाही, त्यामुळे आमच्या अखत्यारीत येत नाही. अहो, नोंदणी नाही म्हणूनच तर आलोय ना मी!

पैसे पाठवताना स्क्रीनवर कुणाचं नाव येतं ते वाचा. माझ्या वेळी तिन्ही वेळा वेगळं होतं. जागेवरून व्हिडिओ कॉल मागा, वीज जोडायचा पॉइंट दाखवायला सांगा. खोटा माणूस तिथेच रेंज नसल्याचं सांगेल. आणि गावातल्या एखाद्या दुकानदाराला फोन करून विचारायला लाजू नका, मी लाजलो.

ती रात्र पेट्रोल पंपाच्या कडेला काढली. दोन वाजता बॅटरी बसली, पंखेही थांबले. गाडीमालकाने कॅसेट धुण्याचे १,५०० वेगळे कापले. ते मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. बायको धरते.