थीसिससाठी मेंदूचा एमआरआय: स्ट्रक्चरल की फंक्शनल?

एमडी सायकियाट्रीच्या थीसिसला एमआरआय घ्यायचं ठरलं की गाइड पहिल्यांदा हेच विचारतात.

स्ट्रक्चरल, म्हणजे टी-वन स्कॅन, मेंदूची ठेवण दाखवतो: हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग) केवढा, कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) किती जाड, व्हेंट्रिकल (आतल्या द्रवाच्या पोकळ्या) किती रुंद. पाच-सहा मिनिटांचं काम. फंक्शनलमध्ये पेशींचं काम थेट दिसत नाही, दिसतो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलेला हा बोल्ड सिग्नल. तो पाच-सहा सेकंद उशिरा शिगेला पोचतो आणि बदल जेमतेम एक-दोन टक्क्यांचा असतो.

आणि पेशंट हलतो. कानात बोळे, हातात बझर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज. धडधडाट सुरू झाला की तो दचकतो, मान किंचित वळते. अर्धा मिलिमीटर, पण तेवढ्यानेही कनेक्टिव्हिटीचे, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांशी किती जुळून काम करतात त्याचे, आकडे फिरतात. आजारी माणसं निरोगी माणसांपेक्षा जास्त हलतात, त्यामुळे दिसलेला फरक आजाराचा की हालचालीचा, हा पेच सुटत नाही. टी-वनही हालचालीने बिघडतो, कॉर्टेक्स खोटाच पातळ दिसतो, पण पाच मिनिटांचा स्कॅन पुन्हा घेता येतो.

फंक्शनलच घ्यायचा असेल तर टास्कपेक्षा रेस्टिंग बरा, म्हणजे पेशंट काही न करता नुसता पडून राहतो तो. टास्कमध्ये सूचना समजून वेळेवर बटण दाबावं लागतं. सायकोसिसमधल्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या, माणसाकडून ही अपेक्षा मला जड वाटते. रेस्टिंगमध्ये पेशंट झोपत नाही ना, एवढं बघा.

आता नमुन्याचा आकार. हे गणित मात्र नीट करा. अनेक देशांचे स्कॅन एकत्र करणाऱ्या एनिग्मा या संशोधक गटाने २०१६ मध्ये स्किझोफ्रेनियाचे २,०२८ पेशंट आणि २,५४० निरोगी लोक तपासले. हिप्पोकॅम्पस लहान निघाला, इफेक्ट साइझ (दोन गटांतला फरक किती मोठा) ०.४६. डिप्रेशनमध्ये तोच ०.१४ होता. ८० टक्के पॉवर, म्हणजे खरा फरक सापडण्याची शक्यता, हवी तर पहिल्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ७५ माणसं लागतात, दुसऱ्यासाठी ८००. तीस-तीसच्या थीसिसमध्ये डिप्रेशनचा हिप्पोकॅम्पस मोजायला जाऊ नका.

तीसच पेशंट मिळणार असतील तर मी स्ट्रक्चरल घेईन, तेही त्याच माणसांचा दोनदा, उपचाराआधी आणि नंतर. ईसीटीनंतर (विजेच्या झटक्यांचा उपचार) हिप्पोकॅम्पसचं आकारमान वाढल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. इथे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, म्हणून लहान नमुनाही उपयोगी पडतो. दोन्ही वेळा मशीन तेच आणि सीक्वेन्स (स्कॅनची सेटिंग) तोच ठेवायचा, हे रेडिओलॉजीवाल्यांशी पहिला पेशंट घेण्याआधीच बोलून ठेवा.