टाकीतल्या पाण्याचे वय काढायचे तर साधा हिशेब, ईपीएनेट की सीएफडी?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर शंभर सदनिकांची एक सोसायटी आहे आणि तिच्या तळटाकीत व गच्चीवरच्या टाक्यांत मिळून २,०२,५०० लिटर पाणी साठते, असे धरू. घरटी पाच माणसे आणि माणशी रोज १३५ लिटर या मापाने दिवसाला ६७,५०० लिटर लागतात. म्हणजे पाणी सरासरी तीन दिवस टाक्यांत राहते (हेच पाण्याचे वय), आणि निम्मीच घरे राहती असतील तर सहा दिवस. हा भागाकार कोणीही करू शकतो आणि आधी तोच करावा. मात्र पाणी येण्याचा आणि पंपाकडे जाण्याचा पाइप एकाच बाजूला असेल, तर आजचे पाणी आजच वर चढते व पलीकडच्या टोकाचे तसेच पडून राहते, हे सरासरीत दिसत नाही.

ईपीएनेट ही अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची विनामूल्य संगणकप्रणाली आहे. टाक्या, पंप आणि तासागणिक वापर तिच्यात भरला की ती पाण्याचे वय व तेवढ्या वेळात घटून उरलेले क्लोरीन काढून देते. टाकीसाठी चार पर्याय असतात: पूर्ण मिश्रण, दोन कप्पे (एक पाइपालगतचा, दुसरा मागचा साचलेला), आधी आलेले आधी बाहेर, शेवटी आलेले आधी बाहेर. फसगत होते ती इथेच, कारण पाणी कसे मिसळते हे ईपीएनेट शोधत नाही. ते आपणच ठरवून द्यायचे असते. आपसूक येणारे पूर्ण मिश्रण तसेच ठेवले, तर तो साचलेला कोपरा अहवालातून नाहीसा होतो. म्हणून दोन कप्पे निवडून त्यांचे प्रमाण बदलत पाहावे, असे माझे मत आहे.

सीएफडी, म्हणजे द्रवाच्या प्रवाहाची समीकरणे संगणकावर सोडवण्याची पद्धत, मात्र प्रवाहच सोडवते: धारेचा जोर, आडभिंती, उन्हाळ्यात गरम-गार पाण्याचे थर, सारे काही. त्यासाठी जाणकार लागतो आणि खर्चही बराच येतो.

राहत्या इमारतीसाठी मी हिशेब, दोन कप्प्यांचे ईपीएनेट आणि क्लोरीनची तपासणी एवढेच सुचवेन. नळाला पाणी येताच तिथला, टाकीच्या दूरच्या कोपऱ्यातला आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचा नमुना घ्यावा, आणि डीपीडीची (क्लोरीन असल्यास गुलाबी होणाऱ्या रसायनाची) गोळी टाकून गुलाबी रंग जागच्या जागी ताडून पाहावा, कारण बाटलीतही क्लोरीन घटत जाते. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ यानुसार ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. फक्त कोपऱ्यातलेच कमी भरले, तर अग्निशमनाचा साठा राखून पातळी बरीच उतरू द्यावी आणि मग टाकी जोराने भरावी. फ्लोट व्हॉल्व्हमधून सतत झिरपणाऱ्या धारेने पाणी ढवळले जात नाही. सीएफडीचा खर्च नवी मोठी टाकी बांधण्यापूर्वी, पाइपांच्या जागा कागदावर बदलता येत असताना करावा.