दट्ट्यांची पेटी : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

माँटेसरी पद्धतीच्या दट्ट्यांच्या चार पेट्यांचा संच गेल्या उन्हाळ्यात घेतला, तेव्हा मुलीला नुकतीच तीन वर्षे पूर्ण झाली होती. प्रत्येक पेटी म्हणजे दहा भोकांची लाकडी फळी आणि त्यात बसणारे, वर मूठ असलेले दहा गोल लाकडी दट्टे; मुलाने प्रत्येक दट्टा त्याच्या मापाच्या भोकात बसवायचा. मला लिहायचे आहे ते लाकडाबद्दल, कारण रत्नागिरीच्या पावसात या संचाचे जे झाले त्याचा उल्लेख खरेदीच्या वेळी कुणीही केला नव्हता.

पाऊस सुरू होईपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. मुलगी दट्ट्याची मूठ तीन बोटांच्या चिमटीत धरायची, भोकाच्या कडेवरून बोट फिरवून पाहायची, आणि कुठे चुकले असेल तर शेवटी हातात उरलेला दट्टाच तिला ते सांगायचा. मोठ्यांना मध्ये बोलावे लागत नाही, हेच या साधनाचे खरे मोल आहे. जुलैमध्ये मात्र, जिच्यात उंची सारखी राहते आणि जाडी अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने कमी होते, त्या पेटीतले जाड दट्टे अडकू लागले. तिसरा दट्टा स्वतःच्या भोकात जाईना म्हणून तिने तो दुसऱ्या भोकात घातला, मग दुसरा पहिल्या भोकात, आणि सर्वांत जाड दट्टा हातात घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली. तिने बरोबर निवडलेला दट्टा लाकडाने चुकीचा ठरवला होता. याचा मला फार राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. लाकूड नैसर्गिक असल्याने फुगणारच, उन्हात ठेवा, असे उत्तर आले. ऐन पावसाळ्यात कोकणात तसे ऊन मिळत नाही असे कळवल्यावर, ओलाव्याने झालेले नुकसान हमीत बसत नाही, असे सांगून विषय बंद करण्यात आला. चार हजारांहून अधिक रुपये मोजल्यानंतर हे ऐकून घेणे मला मान्य नाही.

खरे कारण ओळखीच्या सुतारकाकांनी दाखवले. लाकूड त्याच्या अंगच्या रेषांच्या आडवे फुगते, रेषांच्या लांबीत जवळजवळ फुगत नाही. दट्ट्यात रेषा उभ्या असल्यामुळे तो चहूबाजूंनी जाड होतो. पेटीच्या फळीत त्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे भोक त्या दिशेने तेवढेच राहते आणि दट्टा नेमका तिथे धरतो. जाड दट्टा बारक्यापेक्षा अधिक फुगतो, म्हणून बारके शेवटपर्यंत सुरळीत बसत होते. त्यातच वरून चकचकीत पॉलिश असले तरी दट्ट्यांचे तळ आणि भोकांच्या आतल्या भिंती कोऱ्या सोडलेल्या होत्या. आता कानशीने घासले तर दिवाळीनंतर सगळे ढिले पडेल, असेही त्यांनी बजावले.

पेटी कपाटात गेल्यावर सासूबाईंनी स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे आणि झाकणे नातीपुढे मांडली. झाकण चुकीचे असेल तर बसत नाही, आणि स्टील पावसाने फुगत नाही. त्यानंतर वाल आणि राजमा वेगळे करणे (हे कुणीतरी शेजारी बसूनच, कारण बी नाकात किंवा घशात जाऊ शकते), तांब्यातून वाटीत पाणी ओतणे, कणकेचे गोळे वळणे हे सगळे आले. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी या गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तू वापरल्या. ते आठवल्यावर, हा संच घेतलाच कशाला, असे माझे मत झाले होते.

ते मत आता थोडे बदलले आहे. डबा मोठा असतो तेव्हा रुंदही असतो आणि बहुधा उंचही; नुसती जाडी किंवा नुसती उंची वेगळी काढून मुलाच्या हातात देणे डब्यांना जमत नाही, पेटीला जमते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर दट्टे पूर्ववत बसू लागले, तेव्हा सुतारकाकांकडून तळांना आणि भोकांच्या आत लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात मारून घेतले. तो खर्च विक्रेत्याने करायला हवा होता.

घ्यायचीच असेल तर चारही पेट्यांचा संच घेऊ नका. फक्त जाडी बदलणारी एक पेटी पुरते, बाकीचे काम घरातले डबे करतात. पैसे देण्याआधी दट्टा उलटा करून त्याचा तळ पाहा, भोकात बोट घालून आतून पॉलिश लागते का ते तपासा, आणि ऑनलाइन घेत असाल तर या दोन्ही जागांचे छायाचित्र मागा. ते पाठवायला टाळाटाळ झाली तर, निदान समुद्राजवळ राहणाऱ्यांनी, ती पेटी घेऊ नये.